लातूरच्या पेशी सुटत नाहीत

"तीन घंटे झाले की गं माय. तीन! तुरीची डाळ हाय का गोट्या हायत ह्या?"

पत्र्याच्या पलीकडे शिवम्मा चुलीशी बसून कुरकुरत होती. दोन घरांच्या मधे भिंत म्हणून एक पत्रा, आणि त्या पत्र्याला नीलाबाईची पाठ टेकलेली. त्यामुळे शिवम्माचं पुटपुटणं तिला कुणी मानेवर बसून बोलावं तसं ऐकू यायचं.

"सोडा टाक की चिमूटभर," नीलाबाई वेणी घालता घालता म्हणाली.

"टाकला. सोडा इरघळला, डाळ जशीच्या तशी. पाणीच मेलं तसलं. आंघोळ केली तर केसांचा खराटा, कपडे धुवावं तर फेस न्हाई. नळाचं कवा यायचं म्हणे?"

"सोमवारी."

"कोणत्या?"

ते नीलाबाईला माहीत नव्हतं. नगरपालिकेलाही नसावं.

सत्त्याऐंशी सालचा श्रावण. लातूर जिल्हा झाला त्याला पाच वर्षं भरत आली होती आणि धड पाऊस झाला त्याला तीन. जिल्हा झाल्यावर गावाला सगळं मिळालं. कलेक्टर आला, कलेक्टरची पाटी आली, पाटीवर दिवासुद्धा लागला. पाणी तेवढं राहून गेलं. दहा दिवसांतून एकदा नळ यायचा, ते पाणी प्यायला आणि डाळीला. बाकी सगळ्याला बोअर. हा कायदा कुणी छापला नव्हता, पण औशापासून अहमदपूरपर्यंत प्रत्येक बाईला तो पाठ होता. शिवम्माने आज नाइलाजाने मोडला आणि तिला जागेवर सजा झाली.

नीलाबाई एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होती. अकरा वर्षं कामाला आणि अकरा वर्षं तात्पुरती. एवढ्या काळात बेंच बदलले, प्राचार्य तीन झाले, बेडूक किती गेले त्याची गणती नाही. टिकली ती एक तात्पुरती नीलाबाईच. सातवी पास बाई, पण द्रावणं तीच करायची, सूक्ष्मदर्शकाची भिंगं तीच पुसायची, आणि नव्याने लागलेले लेक्चरर काचपट्टीवर काय आहे ते वर्गात जाण्याआधी हळूच तिलाच विचारून जायचे.

विभागप्रमुख होते रेणुकादास सर. गोरे, उंच, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. सरांचा विषय चिकटण्याचा. म्हणजे आईच्या पोटात नाहीतर अंड्यात जीव घडतो, तेव्हा पेशी एकमेकींना धरून कशा राहतात, हा. दर वर्षी ते हे वर्गाला समजावून सांगायचे आणि मागे मोरीवर बशा विसळत नीलाबाई ऐकायची.

"जीव सुरू होतो एका पेशीपासून," सर म्हणायचे. "एकीच्या दोन, दोनाच्या चार. आधी त्या पिशवीतल्या बोरांसारख्या नुसत्या शेजारी पडलेल्या असतात. मग एकाएकी एकमेकींना घट्ट कवटाळतात. कशानं? प्रत्येकीच्या अंगावर एक प्रथिन असतं, ते तिचे हात समजा. परदेशात नुकतंच त्याला कॅडहेरिन असं नाव दिलंय. पण या हातांत जीव यायला कॅल्शियम लागतं. कॅल्शियम काढून घ्या, हात लुळे, पेशी सुट्या. परत घाला, परत गळ्यात गळे."

नीलाबाईला हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच पटलं होतं. नुसत्या पिठाचा लाडू वळत नाही, तूप लागतं.

"आणि ज्या पेशींचा पुढे मणका-मेंदू व्हायचा असतो ना, त्या जुने हात टाकतात, नवे हात लावून घेतात, आणि कातडीपासून अलग होतात," सर पुढे म्हणायचे. इथे ते चष्मा काढायचे. "आपल्या लातूरनं हेच केलं! उस्मानाबादचं प्रथिन टाकलं, स्वतःचं लावलं, झाला जिल्हा!"

मुलं टाळ्या वाजवायची. तास संपला की ती कशालाही टाळ्या वाजवायची.

आता हे सगळं बघायचं तर कोंबडीची अंडी लागतात, आणि कॉलेज अप्पांचं. प्राचार्य मल्लिकार्जुनअप्पा म्हणजे कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि फाटकाच्या आत अंडं म्हणून शब्दही चालायचा नाही. म्हणून विभागाच्या रजिस्टरात अंड्यांची नोंद 'गोल नमुने' अशी व्हायची. गोल नमुने नीलाबाईच्या डब्यात, भाकरीखाली, कापसात बसून यायचे. रेणापूर नाक्यावरची एक म्हातारी तिला गावरान अंडी द्यायची. त्याआधी दोन महिने सरांनी पोल्ट्रीतली अंडी उबवून बघितली होती. त्यांत काहीच घडेना, तेव्हा उबवणीच्या पेटीत दोष आहे असं त्यांनी वर कळवलं. पोल्ट्रीत कोंबडा नसतो हे त्यांना शेवटी त्या म्हातारीनेच सांगितलं, आणि सांगताना पदरात तोंड घालून हसली.

फाटकात अप्पा भेटले की विचारायचे, "नीलाबाई, आज डबा जड दिसून राहिलाय?"

"हाव अप्पा. भाकऱ्या हायत."

"असू द्या, असू द्या," म्हणत अप्पा वाट बदलायचे. श्रावणात तर ते विभागाच्या व्हरांड्यातूनही जायचे नाहीत.

नीलाबाई स्वतः लिंगायत. अंडं फोडायच्या आधी ती गळ्यातलं लिंग पदराआडून पाठीवर टाकायची. देवाला हे बघायला लावू नये म्हणून. काचेच्या बशीत तीन दिवसांचा गर्भ उतरायचा. भाताच्या शितासारखा वाकडा, आणि मधे एक लाल टिंब धडधडत असायचं. "माफ कर रे लेकरा," ती म्हणायची, आणि मग कात्री सरांच्या हातात द्यायची. घरी गेल्यावर डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय चुलीला शिवायची नाही. पाणी बोअरचं का होईना.

घोळ झाला तो पाण्याचाच.

विभागात डिस्टिल वॉटर गाळायचं यंत्र होतं. एक बाटली शुद्ध पाणी द्यायला ते पंधरा बाटल्या पाणी मोरीत सोडायचं. चैत्रात अप्पांनी ते बघितलं आणि तिथेच भडकले. "गाव तहानेनं मरून राहिलंय आन् तुम्ही पाण्याला आंघोळी घालताय?" यंत्राला चिकटपट्टी लागली, पट्टीवर अप्पांची सही.

ज्येष्ठात विद्यापीठाची कमिटी तपासणीला आली. कपाटाशेजारी वीस लिटरची काचेची हंडी, तिच्यावर 'डिस्टिल वॉटर' असं सरांच्या वळणदार अक्षरातलं लेबल, आणि आत ठणठणाट.

"नीलाबाई, हंडी रिकामी दिसता कामा नये," सर म्हणाले.

"कशानं भरू?"

"पाण्यानं भरा, अजून कशानं?"

तिने बोअरच्या दोन बादल्या आणून भरली. सर शेजारी उभे होते. कमिटीने हंडीला टिचकी मारली, चहा घेतला आणि गेली. दुसऱ्या दिवशी नीलाबाई हंडी ओतायला निघाली, तर सरांनीच हात आडवा केला. "अहो, वीस लिटर पाणी! ओतताय कुठं? असू द्या." बरोबरच होतं. त्या उन्हाळ्यात लातुरात वीस लिटर पाणी मोरीत सोडणाऱ्याला लोकांनी धरून मारलं असतं आणि पोलिसांनी लोकांचीच बाजू घेतली असती. हंडी तशीच राहिली. महिन्याने प्रयोगाला द्रावण करायची वेळ आली, तेव्हा ती समोर होती आणि तिच्यावर लेबल होतं. शिकलेल्या माणसाचं हेच असतं. तो आधी लेबल वाचतो.

बिनकॅल्शियमचं म्हणून केलेल्या त्या द्रावणात पेशी सुटेनात. एकदा नाही, तीनदा. सर खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले.

"सौदामिनी! नांदेडला तुमच्या पेशी सुटल्या होत्या ना?"

"हो सर. वीस मिनिटांत."

"आणि इथं दोन तासांतही सुटत नाहीत! याचा अर्थ कळतोय तुम्हाला?"

सौदामिनी नांदेडची पोर. अठ्ठावीस वर्षांची, बारीक, सतत ओठ चावणारी. नांदेडच्या कॉलेजात तीन वर्षं खपून तिने पेशी सुट्या करायचे आणि पुन्हा जोडायचे शेकडो प्रयोग केले होते. मग लातूरला नोकरी लागली आणि रेणुकादास सर तिचे गाइड झाले. तिला अर्थ कळत होता. पण तो सरांना कळलेला अर्थ नव्हता.

सरांना कळलेला अर्थ असा की दुष्काळाने लातूर जिल्ह्याच्या कोंबडीत एक विलक्षण ताकद आलेली आहे. तिच्या गर्भाच्या पेशी कॅल्शियम नसलं तरी एकमेकींना सोडत नाहीत. त्यांनी निबंध लिहिला, 'दुष्काळी प्रदेशातील गर्भपेशींची असाधारण एकजूट'. गावातल्या एका पेपरने 'लातूरच्या कोंबडीपुढे विज्ञान थक्क' असं छापलं. ज्या अप्पांनी जन्मात अंड्याकडे बघितलं नव्हतं, ते सभेत म्हणाले की हा आपल्या मातीचा गुण आहे. जिल्ह्याच्या पाचव्या वाढदिवसाला, सोळा ऑगस्टला, विज्ञान मेळावा ठरला आणि त्यात हा प्रयोग सगळ्यांना दाखवायचा ठरला. नांदेडहून एक जाणते पाहुणेही बोलवायचे, म्हणजे नांदेडलाही कळेल.

हंडीत काय आहे हे कुणाला माहीत नव्हतं? समोरच्या रसायनशास्त्रवाल्यांनी एकदा तांब्याभर पाणी नेऊन तपासलं. कॅल्शियमचा आकडा बघितला, एकमेकांकडे बघितलं, आणि हा आपल्या विभागाचा विषय नाही म्हणून पाणी परत आणून हंडीत ओतलं. फेकलं नाही.

सौदामिनीने एकदा विचारलं होतं. दुपारची वेळ, दोघीच होत्या. नीलाबाई चंचुपात्रात चहाचं पाणी उकळत होती आणि पात्राला आतून पांढरा थर धरला होता.

"बाई, हंडीत पाणी कुठलं आहे हो?"

"हंडीतलं," नीलाबाई म्हणाली.

"हंडीत कुठून आलं?"

"असंच. हाय की लेबल."

सौदामिनीने नखाने तो पांढरा थर खरवडला. थोडा नखात आला, बाकीचा हलला नाही. ती नखाकडे बघत राहिली.

"सर म्हणतात, नांदेडचे आकडे प्रबंधातून काढून टाका. मेळाव्यात सगळ्यांसमोर सांगा की ते काम निष्काळजीपणाचं होतं. गोदावरीकाठच्या माणसांचा हात सैल असतो म्हणे."

"मग?"

"मग काय? गाइड आहेत ते. त्यांनी सही केली नाही तर तीन वर्षं पाण्यात. आणि मी म्हणाले तसं, तर खोटारडी म्हणून नाव." तिने चहा न पिताच पेला खाली ठेवला. "तुम्हाला खरंच माहीत नाही, बाई?"

नीलाबाई पात्र घासायला बसली. राखेने घासलं, नारळाच्या शेंडीने घासलं. पांढरं काही निघालं नाही.

खरं सांगणार कशी? आदल्याच दिवशी सरांनी तिला बोलावून घेतलं होतं. "नीलाबाई, अभिनंदन! तुमच्या कायम होण्याच्या कागदावर अप्पांची सही झाली. माझ्या शिफारशीवर. मेळाव्यात पाहुण्यांच्या हातानं देऊ." आणि त्यांनी खिशावर थाप मारली. तिथे तीन पेनांच्या मागे तिची अकरा वर्षं घडी करून ठेवलेली होती.

नवरा गेला तेव्हापासून ती या एका कागदाची वाट बघत होती. कायम झालेल्या बाईला रजा मिळते, आजारी पडायची मुभा मिळते, म्हातारपणी पेन्शन मिळते. तात्पुरत्या बाईला ताप आला तरी तो सुट्टीच्या दिवशी यावा लागतो.

सोळा तारीख उजाडली. नांदेडहून हणमंतराव एस.टी.ने आले. हे सौदामिनीचे आधीचे मास्तर. सत्तरीला टेकलेले, कानात केस, खांद्याला कापडी पिशवी. आधी अप्पांच्या घरी पाहुण्यांचं जेवण होतं आणि वाढायला नीलाबाईला बोलावलं होतं. अप्पांच्या घरचं नळाचं पाणी शनिवारीच संपलेलं. भात, वरण, भाजी, गोडाला गव्हाची हुग्गी.

वरण वाढलं, वरून तूप पडलं आणि पहिला घास तोंडात गेला. मग बारीक आवाज यायला लागला, कुरुम, कुरुम, चुलीजवळ उंदीर दाणे फोडून राहिलेत असा. कलेक्टर कचेरीतले साहेब गालात घास धरून बसले. रेणुकादास सर न चावताच गिळत होते, त्यांच्या गळ्याची घाटी नुसती वरखाली.

"वरण सुरेख झालंय अप्पा," सर म्हणाले.

"छान, छान," साहेब म्हणाले. "घरची डाळ का?"

"घरचीच," अप्पा म्हणाले आणि त्यांनी स्वतः दाढेखाली काहीतरी कडक फोडलं.

हणमंतरावांनी जिभेने एक डाळ पुढे आणली, दोन बोटांत धरून उजेडात बघितली आणि ताटाच्या कडेला ठेवली. वाढता वाढता नीलाबाई त्या एका डाळीपाशी थबकली. आख्खी, पिवळी, कडा धारदार. उकळून उकळून तिचा कण कणाला सुटला नव्हता. तिच्या हातातली पळी तशीच राहिली. सरांच्या बशीतला गर्भ तिच्या डोळ्यांपुढे आला. तोही असाच, पाण्यात पडून, सुटायचं नाव न घेता.

"बाई, वाढताय ना?" साहेब म्हणाले.

"हाव, हाव."

दोन वाजता सगळे प्रयोगशाळेत आले. पंधरा-वीस माणसं, पंखा एक. अप्पा दारातच उभे राहिले, एक पाय आत, एक बाहेर. टेबलावर हंडी, हंडीशेजारी सूक्ष्मदर्शक, आणि सूक्ष्मदर्शकाशेजारी खाकी पाकीट. त्यावर टाइप केलेलं, 'श्रीमती नीलाबाई'. चहाचा ट्रे धरून ती भिंतीशी उभी होती, तिथूनही तिला ते वाचता येत होतं. आपलं नाव टाइपात तिने पहिल्यांदाच बघितलं.

सरांनी द्रावण केलं, पेशी टाकल्या, अर्धा तास भाषण केलं. मग एकेकाने भिंगात डोळा घालून बघितलं. आत द्राक्षांच्या घडासारखे पेशींचे पुंजके. एक सुटी पेशी नाही.

"ही लातूरची एकजूट!" सर म्हणाले.

टाळ्या पडल्या. हणमंतरावांनी बराच वेळ डोळा भिंगाला लावून ठेवला. मग वर बघून साधंच विचारलं, "पाणी कोणतं?"

रसायनशास्त्राचे प्रमुख वाकून बुटाची नाडी बांधायला लागले, त्यांच्या बुटाला नाडी नव्हती. अप्पांनी आतला पाय बाहेर घेतला.

"डिस्टिल वॉटर," सर म्हणाले. "लेबल आहे समोर."

"लेबल दिसलं," हणमंतराव म्हणाले. "म्हणून विचारलं."

सर हसले. "मास्तर, तुमच्याच विद्यार्थिनीच्या तोंडून ऐका. सौदामिनी, तुमचं निवेदन वाचा. मग आपल्याला आमच्या नीलाबाईंचाही सत्कार करायचाय." आणि त्यांनी पाकीट उचलून साहेबांच्या हातात दिलं.

सौदामिनी पुढे आली. हातातला कागद तिने उलगडला. तिने एकदा आपल्या जुन्या मास्तरांकडे बघितलं, एकदा हंडीकडे, आणि मग नीलाबाईकडे. ते बघणं रागाचं असतं तर नीलाबाईने सोसलं असतं. ते तसं नव्हतं. आता तुम्हीही काही म्हणणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि माझा राग नाही, असं ते होतं.

"नांदेड येथे मी केलेल्या प्रयोगांमध्ये," ती वाचू लागली, "माझ्याकडून निष्काळजी… निष्काळजीपणा…"

"मोठ्यानं," सर म्हणाले.

"निष्काळजीपणा होऊन…"

नीलाबाईने ट्रे टेबलावर ठेवला, पदराने हात पुसले. मघाशी अंडं फोडताना पाठीवर टाकलेलं लिंग तिने पुढे घेतलं.

"वाचू नका, ताई," ती म्हणाली. "त्यात खोटं लिहिलंय."

"नीलाबाई!" सरांचा आवाज चिरकला. "चहा द्या आधी."

"देते की सर. ह्याच पाण्याचा हाय." तिने हंडीवर हात ठेवला. साहेबांच्या हातातल्या पाकिटाकडे तिने बघितलं नाही, बघितलं असतं तर जीभ उचलली नसती. "हंडीत बोअरचं पाणी हाय. मी भरलं, तुमच्या देखत भरलं. ह्या पाण्यात डाळ शिजत न्हाई सर. अप्पा, आजबी शिजली नव्हती."